शेठचा झरोका

जगदीश मेश्राम आणि शेठ पहिल्यांदा भेटले तेव्हा बर्मिंगहॅम शहर पायापासून हललं, असं जगदीश सांगायचा. हललं ते फक्त खालच्या हॉटेलात टांगलेलं भाजकं बदक, असं त्याची बायको रचना म्हणायची. खरं काय ते या दोघांच्या मध्ये कुठेतरी असणार, आणि जगदीशचं तेव्हाचं वजन लक्षात घेतलं तर शहराकडे थोडं झुकलेलं.

बर्मिंगहॅमच्या हॉकली भागात जगदीशचा छापखाना. टेकअवे हॉटेलांचे मेनू, लग्नाच्या पत्रिका, हरवलेल्या मांजरांचे फोटो आणि आपल्या बौद्ध विहाराचं त्रैमासिक, एवढं तो छापायचा. शेजारचा इंग्रज छापखानेवाला रिटायर होऊन समुद्रकाठी राहायला गेला आणि जाताना आपली गिऱ्हाइकं जगदीशला देऊन गेला. त्यांत एक चिनी पाक्षिक होतं. त्याच्या संपादकाची ओळख करून घ्यावी म्हणून जगदीश चायनाटाउनमध्ये गेला. ऑफिस हॉटेलाच्या वर. जिना इतका अरुंद की आपण मशीनमध्ये घातलेला कागद आहोत आणि वर पोचेपर्यंत दोन्ही बाजूंनी छापून निघणार, असं त्याला वाटलं.

वर एकच खोली. छतापर्यंत जुने अंक. मधोमध दोन टेबलं समोरासमोर. एकामागे खडूसारखा एक बारीक माणूस काहीतरी लिहीत होता. दुसऱ्यामागची खुर्ची रिकामी. जगदीशला धाप लागलेली. त्यानं "गुड मॉर्निंग" म्हटलं आणि त्या खुर्चीत बसला.

तो बारीक माणूस टेबलाला वळसा घालून आला नाही, टेबलावरून आला. येताना त्यानं एकच अक्षर उच्चारलं, पण असं की खिडकीबाहेरची कबुतरं थेट वुल्वरहॅम्प्टनला जाऊन थांबली. जगदीश उठला तो छताच्या दिव्यावर डोकं आपटूनच. दिवा झुलला, खाली बदकं झुलली, आणि स्वयंपाक्यानं भूकंप समजून गॅस बंद केला. पुढचा अर्धा दिवस त्या हॉटेलात कोणाला गरम भात मिळाला नाही, इथपर्यंत जगदीश ही गोष्ट नेत असे.

यापुढचं मात्र तो आवाज खाली आणून सांगायचा. त्या माणसानं खिशातून रुमाल काढला. खुर्चीची बैठक पुसली. मग तिच्याकडे किंचित वाकून हळू आवाजात काहीतरी बोलला, आपल्या पाहुण्यानं दुसऱ्याच्या पायावर पाय दिला तर आपण बोलतो तसं. मग जगदीशकडे वळून शांत इंग्रजीत म्हणाला, "ती जागा घेतलेली आहे."

जगदीशनं खुर्चीकडे पाहिलं. खुर्चीत कोणी नव्हतं. टेबलावर वाफ येणारा चहाचा पेला होता.

त्या माणसाचं नाव सेतो वाय-लून. चिनी रिवाजानं आडनाव आधी, म्हणजे तो मिस्टर सेतो. जगदीशच्या कानांनी ते 'शेठ' असं नोंदवून घेतलं आणि मग कोणी कितीही समजावलं तरी ते बदललं नाही. कोपरावर ठिगळाचा कोट घालणारा, बसच्या पासावर शहरभर हिंडणारा हा माणूस साऱ्या बर्मिंगहॅममधला एकमेव शेठ होऊन बसला. उलट शेठनं आपल्या रिवाजानं जगदीशच्या नावातला पहिला तुकडा आडनाव म्हणून उचलला आणि तो त्याला शेवटपर्यंत 'मिस्टर जग' म्हणत राहिला. दोघांचंही इंग्रजी असं की इंग्रजांना कळायचं नाही, पण एकमेकांना चोख कळायचं.

शेठच्या पेपराच्या नावाचा अर्थ 'धुक्यातली घंटा'. मिडलँड्स भागातला हा पहिला चिनी पेपर, असं शेठ म्हणायचा, आणि दुसऱ्याचं नाव कोणी घेतलं तर तो ते ऐकत नसे. हाँगकाँगहून आल्यावर सुरुवातीला तो एका टेकअवेच्या मागे कांदे चिरायचा. पहिले अंक त्यानं तिथेच हातानं लिहून काढले, अक्षर न अक्षर, आणि लायब्ररीतल्या कॉपी मशीनवर छापले. त्या अंकांना सोया सॉसचा वास यायचा. जुने वर्गणीदार नवा अंक आजही आधी हुंगून बघतात, असं शेठ अभिमानानं सांगायचा.

पण त्याची खरी मिजास अग्रलेखांत. बीजिंगवर लिही, लंडनवर लिही, कोणालाच सोडायचा नाही. एकदा विषयच सुचेना म्हणून त्यानं शहरातल्या कबुतरांवर लिहिलं. कबुतरं फार माजलीत, फुकटचं खातात आणि पुतळ्यांवर बसून स्वतःला पुढारी समजतात, एवढंच. वाचकांनी त्यात कोणतं कबूतर म्हणजे कोण याचा शोध सुरू केला. एका चिनी मंडळाच्या अध्यक्षानं दुसऱ्याच दिवशी राजीनामा दिला. शेठ त्याच्या घरी जाऊन सांगून आला की अहो, ती खरोखरची कबुतरं होती. अध्यक्ष म्हणाला, "हेच तर तुम्ही म्हणणार."

जगदीशला हा माणूस भलताच आवडला. बाबासाहेबांनी पेपर चालवले तेव्हाही खिशात काही नव्हतं, हे तो लहानपणापासून ऐकत आलेला. लिहिणाऱ्या गरीब माणसाला तो घरी जेवायला बोलावल्याशिवाय राहत नसे. शेठ यायचा, रचनाच्या हातची वांग्याची भाजी घाम पुसत खायचा आणि दर वेळी शेजारची एक खुर्ची किंचित मागे ओढून ठेवायचा. त्या खुर्चीवर कोट ठेवायला गेलं की नको म्हणायचा. रचना हॉस्पिटलात नर्स. अशी माणसं तिनं पाहिली होती. पुढच्या वेळेपासून ती त्या खुर्चीसमोर ताट न मांडता नुसतं पाणी ठेवू लागली.

पेपरात एक गोष्ट मात्र जगदीशला खटकायची. पहिल्या पानावर खाली डावीकडे एक चौकट असायची. वर सदराचं नाव, त्याखाली लेखकाचं नाव, आणि आत काहीच नाही. दर अंकात. जुना इंग्रज छापखानेवाला ती वर्षानुवर्षं तशीच छापत आला. जागा रिकामी दिसली तरी दुसऱ्याची म्हणून इंग्रज माणूस हात लावत नाही, असा जगदीशला शोध लागला, पण तो इतिहासाशी काही जुळेना, म्हणून त्यानं सोडून दिला. शेठला विचारलं तर शेठ म्हणाला, "लेख आला नाही अजून." जगदीशला वाटलं, काय आळशी लेखक आहे.

पुढे एका शरद ऋतूत शेठ तापानं पडला. अंकाची पानं त्यानं ई-मेलनं पाठवली आणि खाली लिहिलं, 'मिस्टर जग, मी येऊ शकत नाही. सगळं नीट आहे ना, बघून घ्या.'

आता मराठी माणसाला 'बघून घ्या' म्हणून रिकामी चौकट दाखवावी का? आपल्याकडे कोऱ्या जागेचं एकच काम असतं, तिथे सुविचार लिहायचा. शाळेच्या फळ्यावर सुविचार, शिंप्याच्या आरशावर सुविचार, त्रैमासिकात कविता आखूड पडली की खाली सुविचार. जगदीशनं विहाराच्या अंकात अशा कितीतरी चौकटी सुविचारांनी बुजवल्या होत्या. इथे तर मित्र आजारी. त्याचा तो आळशी लेखक याही वेळी झोपलेला. जगदीशनं प्रेमानं बाह्या सरसावल्या.

आधी त्याच्या मनात वक्तशीरपणावरचा सुविचार होता. त्या लेखकाला टोमणाही बसला असता. पण टाइप करताना बोटं दुसरीकडेच गेली. विहारात दर रविवारी कानावर पडणारं बुद्धवचन त्यानं इंग्रजीत लिहिलं, स्वतःच स्वतःचा दिवा हो. कॉम्प्युटरला ते चिनीत करायला सांगितलं. कॉम्प्युटरनं काही सुबक अक्षरं दिली. जगदीशनं ती चौकटीच्या मधोमध बसवली, लांबून पाहिली आणि अंक छापून टाकला.

अंक गावोगाव पोचला त्या दिवशी दुपारी शेठ छापखान्यात आला. अंगात ताप, वर दोन कोट, हातात गुंडाळलेला अंक. जगदीशला वाटलं, आभार मानायला आला. शेठनं अंक मशीनवर पसरला आणि चौकटीवर बोट ठेवलं.

"हे कोणी लिहिलं?"

"बुद्धांनी," जगदीश म्हणाला.

शेठनं चौकटीवरचं बोट काढलं नाही.

"मिस्टर जग, मी तुम्हाला विचारतोय."

"म्हणजे वचन बुद्धांचं. भाषांतर कॉम्प्युटरचं. जागा रिकामी होती, बरं दिसत नव्हतं. तुम्हीच म्हणालात, बघून घ्या."

शेठ कागदाच्या गठ्ठ्यावर बसला. मग त्यानं जे सांगितलं ते सांगायला त्याला फार थोडी वाक्यं लागली. ती त्यानं मनात कितीदा तरी छाटून ठेवलेली असावीत.

हाँगकाँगच्या एका पेपरात तो आणि क्वान नावाचा त्याचा मित्र समोरासमोरच्या टेबलांवर बसायचे. क्वानचं सदर होतं, 'रस्त्याच्या पलीकडून'. एका संध्याकाळी क्वान बातमीसाठी सरहद्दीपलीकडे, चीनमध्ये गेला, दोन दिवसांत येतो म्हणून. आला नाही. कुठे आहे, आहे की नाही, कोणी सांगितलं नाही. पेपराच्या मालकांनी काही आठवडे वाट पाहून त्याच्या जागी राशिभविष्य सुरू केलं. शेठनं त्या दिवशी नोकरी सोडली.

"आमच्याकडे पूर्वी सरकारी माणूस छापण्याआधी पानं बघायचा," शेठ म्हणाला. "नको ते काढून टाकायचा. मग काही संपादक ती जागा भरायचेच नाहीत. कोरी ठेवायचे. त्याला छपरात झरोका पाडणं म्हणायचे. वाचकाला कळायचं, इथून काहीतरी नेलंय."

"पण शेठ, तुमचा लेख तर कोणी नेला नाही."

"नाही. लेखकच नेला."

म्हणजे ते टेबल, ती खुर्ची, तो चहा क्वानचा. इंग्लंडात कधी पाऊलही न ठेवलेल्या माणसाची जागा शेठनं बर्मिंगहॅममध्ये राखून ठेवली होती. आणि ज्या चौकटीवर वीसेक वर्षं फक्त क्वानचं नाव छापलं जात होतं, तिच्यात आज पहिल्यांदा एक वाक्य उमटलं होतं. क्वानच्या नावाखाली.

जगदीशनं अंक स्वतःकडे ओढला. "काय लिहिलंय पण त्यात? दिवा हो, असंच ना?"

"चिनी फार वाईट आहे," शेठ म्हणाला. "यात लिहिलंय, 'स्वतःचा दिवा घेऊन ये'."

मशीन बंद होतं, तरी दोघांनी एकदा मागे वळून पाहिलं.

"सकाळपासून फोन येतायत. बाकीच्यांना मी बघून घेईन. पण क्वानची बायको लंडनला हॅरोत राहते, भाचीकडे. तिचाही आला."

"काय म्हणाल्या?"

"एकच विचारलं. कुठे यायचं?"

घरी जगदीशनं हे सांगितलं तेव्हा त्याची मुलगी मनाली जेवत होती. इथेच जन्मलेली, बँकेत मोठ्या हुद्द्यावर, मराठी मात्र अजून शिकाऊ लायसनवर. ती म्हणाली, "बाबा, तुमचा चूक नाही. मशीनचा चूक आहे. बट समबडी हॅज टू टेल हर."

"तिला म्हणावं 'चूक' बाई आहे," जगदीश रचनाला म्हणाला.

"बाई असो नाहीतर बुवा, तुम्ही केलीत ना, मग तुम्हीच जाऊन निस्तरा," रचना म्हणाली. "आणि शेठना एकट्यांना पाठवू नका. जन्मभर लिहिलेला माणूस. त्यांना तोंडानं बोलता येणार नाही."

शेठचा ताप उतरल्यावर दोघं निघाले. लंडनला युस्टन स्टेशनावर त्यांनी गाडी बदलली. मेट्रोपॉलिटन लाइनवर वेम्बलीच्या आसपास जगदीशनं त्याच्याकडे पाहिलं तर त्याचे ओठ हलत होते. मोठमोठ्या राजवटींना चार ओळींत लोळवणारा संपादक एका म्हाताऱ्या बाईला सांगायच्या वाक्याची प्रुफं तपासत होता.

मिसेस क्वाननं दार उघडलं. जगदीशच्या कोपराएवढी बाई, पांढरे केस चापूनचोपून बसवलेले. आत शिरताच जगदीशची नजर दारालगतच्या स्टुलावर गेली. त्यावर एक छोटी प्रवासी बॅग, भरलेली. बॅगेवर पिवळा टॉर्च, ठोकळ्याएवढा, नवाकोरा. इलिंग रोडवरच्या गुजराती दुकानदारानं पावसातही चालेल अशी गॅरंटी दिली होती, हे तिनं इंग्रजीत सांगितलं. तिचं इंग्रजी फार नव्हतं, पण दुकानांपुरतं चांगलं होतं.

तिनं चहा दिला. पेले चार भरले. माणसं तीन होती.

शेठनं तोंड उघडलं आणि मिटलं. पुन्हा उघडलं. रचनाचं भविष्य खरं ठरत होतं. शेवटी जगदीशच पुढे सरकला. "बाई, ते मी लिहिलं. तुमच्या मिस्टरांनी नाही. मी प्रिंटर. मला चिनी येत नाही. जागा रिकामी दिसली, मी भरली. माझी चूक. मला माफ करा."

तिनं शेठकडे पाहिलं. शेठनं भाषांतर सुरू केलं. ते फार वेळ चाललं. जगदीशच्या आखूड वाक्यांतून एवढं काय निघत होतं कोण जाणे. शेठचा आवाज अग्रलेखासारखा चढला नाही, तो खाली खाली जात राहिला. मिसेस क्वान ऐकत होती. मध्ये एकदा तिनं जगदीशकडे पाहिलं, अगदी मायेनं, आणि जगदीशला जास्तच भीती वाटली. शेठ थांबल्यावर तिनं एकच छोटा प्रश्न विचारला. शेठनं उत्तर दिलं नाही. तिनं सगळ्यांना पुन्हा चहा ओतला. चौथ्या पेल्यात थोडा जास्त.

परतीच्या गाडीत जगदीशला राहवेना. "तुम्ही खरं सांगितलंत ना, शेठ?"

"सगळं. बुद्ध, कॉम्प्युटर, ताप. काही गाळलं नाही."

"मग त्या काय म्हणाल्या?"

शेठ खिडकीबाहेर बघत होता. बाहेर काळोख पडलेला, काचेत त्याचाच चेहरा दिसत होता, आणि शेजारची रिकामी सीट.

"क्वान निघाला त्या संध्याकाळी गल्लीतली वीज गेली होती. ती म्हणाली, टॉर्च ने. तो हसला. म्हणाला, रस्ता पाठ आहे. हे तिनं आजपर्यंत कोणाला सांगितलं नव्हतं. मलाही आजच कळलं." थोडं थांबून शेठ म्हणाला, "तिनं विचारलं, मग या प्रिंटरला दिवाच का सुचला?"

जगदीशला वक्तशीरपणा आठवला. आपली बोटं कशी वळली ते आठवलं. तो सांगायला गेला आणि गप्प बसला.

पुढच्या अंकात चौकट पुन्हा कोरी होती. अंक छापायच्या दिवशी दुपारी छापखान्यातला फोन वाजला.

"मिस्टर प्रिंटर," मिसेस क्वानचा आवाज आला. "आज काही?"

जगदीशनं मशीनकडे पाहिलं. "आज नाही, बाई."

"ठीक," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मग ते दर अंकाला सुरू झालं. रडणं नाही, विनवणी नाही. दूधवाला येऊन गेला का विचारावं तशी विचारायची. शेठला नाही, जगदीशला. शेठ संपादक, तो काय, खरंच बोलणार. वाक्य आलं होतं ते प्रिंटरच्या हातातून, असा तिचा हिशेब असावा. जगदीश मात्र बदलत चालला. मशीनवरून पहिलं पान सुटलं की तो ते उजेडाला धरून बघायचा. चौकटीतला कागद बाकीच्या कागदापेक्षा जास्त पांढरा दिसतो, असं त्याला वाटू लागलं. मशीनचा आवाज इतकी वर्षं खटक-फटक असा यायचा, तो आता क्वान-क्वान असा येतो, असं त्यानं घरी सांगितलं.

"अहो, तेल घाला मशीनला," रचना म्हणाली.

त्यानं तेल घातलं. आवाज मऊ झाला, पण नाव तेच राहिलं.

एकदा मिसेस क्वानच्या भाचीचा फोन आला. मावशी संध्याकाळी बाहेर पडत नाही, सुट्टीला कुठे येत नाही, डोळ्यांच्या ऑपरेशनलाही तयार नाही. पत्ता आला आणि मी हॉस्पिटलात असले तर, म्हणते. दारातली बॅग तशीच आहे. जगदीश तडक शेठच्या ऑफिसात गेला. खुर्चीत न बसता उभ्यानंच बोलला. त्या खोलीत तो कायम उभाच असायचा.

"शेठ, एक ओळ लिहा. त्यांच्या नावानं. 'येऊ नकोस.' बस. बाई सुटतील."

शेठनं पेन खाली ठेवलं.

"मिस्टर जग, ते शब्द कोणाचे?"

"तुमचे. पण त्यांच्या भल्यासाठी."

"त्याला नेणारेही असंच म्हणाले असतील. त्यानं न लिहिलेलं काहीतरी त्याच्यासमोर ठेवून म्हणाले असतील, खाली सही कर. सगळ्यांच्या भल्यासाठी आहे." शेठनं समोरच्या टेबलावरचा थंड चहा खिडकीतल्या कुंडीत ओतला आणि पेला पुन्हा भरला. "मी आयुष्यात एकच गोष्ट केली. त्याच्या तोंडात शब्द घातले नाहीत. तेवढंच माझ्या हातात होतं."

"आणि बाईंचं काय?"

"मला दर रात्री तोच प्रश्न पडतो," शेठ म्हणाला. "तुम्ही सुचवलंत ते मी लिहून पाहिलंय. त्याच्या शैलीत. इतकं हुबेहूब जमतं की भीती वाटते. म्हणून फाडतो."

जगदीश खाली आला. हॉटेलातली बदकं टांगलेली होती, नेहमीसारखी. आज त्यांच्याकडे बघून त्याला हसू आलं नाही.

अशी वर्षं गेली. वर्गणीदार म्हातारे झाले, त्यांची मुलं चिनी वाचेनात. शेठ आणखी बारीक झाला. खडूचा तुकडा उरला. अग्रलेख मात्र तो अजून छापखान्यात येऊन, अगदी शेवटी, मशीनच्या शेजारी उभा राहून लिहायचा. तोपर्यंत त्याची जागा पानावर कोरी असायची. त्या फेब्रुवारीत तो पानं घेऊन निघाला, बसस्टॉपच्या बाकावर बसला, आणि बस आली तेव्हा उठला नाही. ड्रायव्हरला वाटलं झोपलाय. मुठीत पेन ड्राइव्ह होता.

हॉस्पिटलनं तो जगदीशच्या हातात दिला, कारण शेठच्या खिशात एकच फोन नंबर होता, छापखान्याचा. चायनाटाउनमधल्या चार जाणत्यांनी सांगितलं की अंक काढून टाका, शेवटचा, शेठच्या फोटोसकट. जगदीशनं फोटो आतल्या पानावर घातला. मग पहिलं पान उघडलं.

कॉम्प्युटरवर दोन चौकटी होत्या. डावीकडे क्वानची. उजवीकडे शेठच्या अग्रलेखाची, वर फक्त नाव. दोन टेबलं समोरासमोर असावीत तशा.

बाहेर भर दुपारीच ढगांनी अंधारून आलेलं. छापखान्यात तो एकटाच. जगदीशचा हात शिवशिवला, आणि या वेळी तो सुविचारासाठी नव्हता. आज दुपारी फोन येणार हे त्याला माहीत होतं. बाई विचारणार, आज काही? आणि आज पहिल्यांदा त्याला अडवणारं कोणी नव्हतं. त्यानं इंग्रजीत दोन शब्द लिहिले, येऊ नकोस. कॉम्प्युटरला चिनीत करायला सांगितले. या वेळी चिनी बहुधा बरोबर आलं असावं, वाक्यच इतकं साधं. त्यानं ती अक्षरं क्वानच्या चौकटीत नेऊन ठेवली. नीट बसली. बाईंची बॅग आता रिकामी होईल. डोळ्यांचं ऑपरेशन होईल. संध्याकाळी बाहेर पडतील.

त्याला खुर्ची सरकल्याचा आवाज आला. छापखान्यात खुर्ची एकच होती आणि तिच्यात तो स्वतः बसलेला होता. हलला तो आपणच, असं त्यानं स्वतःला सांगितलं. तरी तो उठून उभा राहिला. मग उभ्यानंच त्यानं ती अक्षरं पुसली, आणि ती पुसल्यावर अग्रलेखाच्या चौकटीकडे बघायचं धाडसही त्याला झालं. दोन्ही कोऱ्या ठेवून त्यानं अंक मशीनवर घेतला.

मशीन सुरू झाल्यावर फोन वाजला. जगदीशनं धावत जाऊन घेतला. एका टेकअवेवाल्याला त्याची जाहिरात कितव्या पानावर आहे ते हवं होतं. त्यानंतर तो मशीन थांबेपर्यंत फोनपाशीच बसून राहिला. हॅरोचा फोन आला नाही.

अंक बाहेर पडल्यावर दोघा वाचकांनी फोन केला. शाई संपली होती का, असं विचारलं.

महिन्याभरानं भाचीशी बोलणं झालं. मिसेस क्वानला त्या अंकाच्या आठवडाभर आधीच एका वृद्धाश्रमात हलवलं होतं, तिला आता माणसं ओळखता येत नव्हती आणि पेपर तिथे जात नव्हता. बॅगेतले कपडे भाचीनं तिला घातले. टॉर्च जुन्या वस्तू दान घेणाऱ्या चॅरिटी शॉपला दिला. सेल नवे होते, ते काढून ठेवले.